पहिल्या हाकेला ओ

वीज गेली की आमच्या चाळीत लोकांना भुतं आठवतात. मग कोणीतरी माझ्या खोलीकडे बोट दाखवतं, ‘दगडूमामांना विचारा, त्यांनी बघितलंय.’ साफ खोटं आहे. मी काहीही बघितलेलं नाही. मी ऐकलेलं आहे, आणि तेही भर दुपारी, डोक्यावर टळटळीत ऊन आणि पोटात भाकरी असताना. शिवाय माझा भुतावर विश्वास नाही. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, तेव्हापासून देव, भुतं, नवस, उतारे सगळी मंडळी घराबाहेर काढली. आईनं देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं शिवडीच्या खाडीत सोडले आणि घरी येऊन पोटभर जेवली. तेव्हा आता सांगतो ते भुताचं म्हणून ऐकू नका, अपघाताचं म्हणून ऐका. कंदिलाची काच काळी व्हायला लागलीय, जरा वात खाली करतो.

तर, संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. सकाळी कामावर आणि संध्याकाळी सभेला, असा सगळ्या परळ-लालबागचा दिनक्रम होता. घसा बसलेला नाही असा पुरुष गिरणगावात औषधालाही सापडत नव्हता. मी तेव्हा इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांच्या युनियनमध्ये कारकुनी करायचो. कचेरी म्हणजे परळला जिन्याखालची एक खोली. मी मॅट्रिक झालेलो, त्यामुळे लिहायचं काम आणि उन्हातान्हात हिंडायचं काम, दोन्ही माझ्याच गळ्यात.

एक दिवस सेक्रेटरी म्हणाले, “दगडू, शिवडीच्या रस्त्याला नवी इमारत उठतेय, तिथं माणसं फार जायबंदी होताहेत. कुणाचा पाय, कुणाचं डोकं. कंत्राटदार म्हणतो, ज्याचं त्याचं नशीब. जरा जाऊन बघ, काय भानगड आहे.”

मी छत्री घेतली आणि निघालो. एवढंच काम होतं. बघायचं आणि परत यायचं.

फाटकातून आत पाऊल टाकलं, तोच वरच्या मजल्यावरून ओळखीचा आवाज आला, “दगडू!” आणि खाली एकच पळापळ झाली. गवंडी थापी टाकून भिंतीला चिकटले, एका बाईनं माल भरलेलं घमेलं तिथंच उलटं केलं, मुकादम वाळूच्या ढिगाआड गेला. मी आपला छत्री धरून मधोमध उभा. तेव्हा लक्षात आलं. इमारतीच्या कामावर वरून ‘दगड’ असं कानावर पडलं की माणूस शेवटच्या अक्षरासाठी थांबत नाही. माझ्या आईबापांनी मूल जगावं म्हणून हे नाव ठेवलं होतं, त्यांना काय ठाऊक की मी मोठेपणी असल्या ठिकाणी जाणार.

हाक मारली होती राजारामनं. हा माझा रात्रशाळेतला दोस्त. मालवणकडचा, लालबागला राहायचा, आणि इथं सेंटरिंगचा सुतार होता. म्हणजे स्लॅब टाकायच्या आधी त्याखाली फळ्यांचा आणि बल्ल्यांचा सांगाडा ठोकायचा तो. तो खाली आला, मला बाजूला घेऊन गेला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, “बरा झाला तू इलंस. हय भूत आसा रे.”

“राजाराम,” मी म्हटलं, “मला भुतावर विश्वास ठेवायची परवानगी नाही.”

“तुझी परवानगी कोण मागता? रामजी गवंडी. गेल्या वर्सा परांचीवरून पडून मेलो. तवापासून तोच हाका मारता. ज्येचा नाव घेता, त्येच्यावर कायतरी पडता. एकपण चुकूक नाय.”

परांची म्हणजे इमारतीभोवती बांबू बांधून केलेली ती उभी जाळी. मी मान वर करून बघितलं. बांबू काळे पडलेले होते, आणि त्यांना बांधलेला सुंभ इतका कुजला होता की त्याच्या शेंड्या वाऱ्यावर उडत होत्या. मला तिथंच निम्मी भानगड कळली. पण राजारामचं लक्ष तिकडं नव्हतंच. त्याची बायको कौसल्या गरोदर होती, दिवस भरत आले होते. तिनं धोशा लावला होता की हे काम सोडा, नाहीतर मी गावी जाते. काम सोडलं तर खायचं काय, आणि न सोडलं तर बाळाचं तोंड बघायला आपण असू की नाही, ह्या कात्रीत तो सापडला होता.

“बाळ येवच्या आधी ह्या मिटव रे,” तो म्हणाला. एरवी हा माणूस दुसऱ्याच्या लग्नातसुद्धा रडायचा नाही, पण तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं.

चौकशी करायची तर जखमींपासून सुरुवात करावी, म्हणून मी आधी इस्पितळात गेलो. कोंडीराम नावाचा बिगारी तिथं पाय प्लास्टरमध्ये टांगून पडला होता. डेटॉलच्या वासात शेजारच्या खाटेवरचा माणूस कण्हत होता, आणि हा मात्र जावयासारखा प्रसन्न.

“हाक ऐकलीस तू?” मी विचारलं.

“ऐकली तर. साफ. ‘कोंडीरामा…’ अशी.”

“मग काय केलंस?”

“काय करतलंय? उभो ऱ्हवलंय. दुसऱ्या हाकेची वाट बघत.”

“मग?”

“मग वीट इली.”

“आणि दुसरी हाक?”

“नाय इली. म्हणान तर समाजला, भूतच होता ता.”

“म्हणजे?” मी विचारलं. तेव्हा त्यानं मला, लहान पोराला शिकवावं तसं, समजावून सांगितलं. कोकणातला नियम आहे. माणूस तुम्हाला तीनदासुद्धा हाक मारतो. भूत एकदाच मारतं. म्हणून पहिल्या हाकेला कधी ओ द्यायची नाही, मान वळवायची नाही, जागचं हलायचं नाही. तिसरी हाक आली की माणूस आहे असं समजायचं आणि मग खुशाल ओ द्यायची. पहिलीला ओ दिली तर संपलंच.

“मी ओ दिली नाय,” कोंडीराम अभिमानानं म्हणाला, “म्हणान पायावर भागला.”

मी आणखी दोघांना भेटलो. एकाचं डोकं बांधलेलं, एकाचा खांदा निखळलेला. दोघांची कथा तीच. हाक आली, ते नियमाप्रमाणे दगडासारखे उभे राहिले आणि वरून जे यायचं ते आलं. रस्त्यानं चालताना माझं डोकं भणभणत होतं. काहीतरी हातात येत होतं, पण धरता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत गेलो. मुकादम गणपत साताऱ्याकडचा, मिशीला तूप लावणारा गडी. मी सुंभाकडे बोट दाखवलं तर म्हणाला, “साहेब, म्या दहादा सांगितलं कंत्राटदार शेटला. शेट म्हंतो, भुताला नारळ फोडा. नारळाचं पैसं देतो, सुंभाचं न्हाय.” तो ताडपत्रीखाली जेवायला बसलेल्यांकडे गेला आणि मी एकटाच इमारतीच्या पोटात शिरलो.

तुम्ही अर्धी बांधलेली इमारत भर दुपारी कधी बघितलीय? रात्रीची भीती वेगळी, ती निदान काळोखावर ढकलता येते. इथं लख्ख ऊन असतं आणि तरीही प्रत्येक खोलीत कोपऱ्याकोपऱ्यात थंडगार सावली साचलेली असते. ओल्या चुन्याचा वास येत होता. दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या, नुसती भोकं. बाहेर एवढा ट्रामचा आणि लॉऱ्यांचा गलबला, पण आत आल्याबरोबर तो कोणीतरी कापसात गुंडाळल्यासारखा दूर गेला. मग फक्त बांबू करकरल्याचा आवाज. वारा नव्हता, तरी ते करकरत होते… थांबत होते… परत करकरत होते. जसं कोणी वजनदार माणूस वरच्या फळीवरून सावकाश चालतो आहे.

मी मागच्या बाजूला, परांचीखाली जाऊन उभा राहिलो. कपाळावरचा घाम पुसला. तेवढ्यात ओल्या चुन्याच्या वासात तंबाखूचा वास मिसळला. आणि वरून, फार वरून नाही, माझ्या डोक्याच्या जरा वर, कोणीतरी घाईघाईनं म्हणालं,

“दगडू…”

आवाज मोठा नव्हता. तोंडात तंबाखूची गुळणी धरून माणूस बोलतो तसा होता. मी कोकणातला नाही. आमच्याकडे हाक मारली तर ओ देतात. मी म्हटलं, “ओ!” आणि कोण आहे बघायला दोन पावलं पुढं झालो.

माझ्या मागं विटांची अख्खी रास कोसळली. फळीचा सुंभ तुटला होता. मी उभा होतो तिथं छत्री राहिली होती, तिच्या काड्या नंतर वेचून काढाव्या लागल्या.

मी वर बघितलं. परांचीवर कोणी नव्हतं. ताडपत्रीकडे धावलो, तर तिथं एकही माणूस जागेवर नव्हता. सगळे ‘दगड’ ऐकून पांगले होते, भाकऱ्या तशाच पडल्या होत्या. म्हणजे एवढी हळू हाक तिथवर त्यांनीही ऐकली होती. “कोण ओरडलं?” मी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मुकादमाच्या तोंडातला घास तोंडातच होता.

माझं डोकं एकदम लख्ख झालं होतं. जो कोणी हाक मारत होता, तो मारत नव्हता हो, वाचवत होता! आणि ही सगळी शहाणी माणसं ‘भूत आहे’ म्हणून तिथंच पाय रोवून उभी राहत होती. मी मेलो नाही, कारण मी भुताला मानत नव्हतो.

हे मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. “पहिल्या हाकेला ओ द्या! बाजूला व्हा!” कोणी ऐकेना. राजारामसुद्धा म्हणाला, “तुझा बरा आसा. तू बौद्ध. तुका भूत लागाक शकत नाय. कायद्यान भायर.” गणपतला भलतंच सुचलं. त्याचं म्हणणं, सगळ्यांचीच नावं दगडू ठेवावी, म्हणजे हाक कुणालाही मारली तरी सगळी पळतील.

फक्त कमळाबाई बोलली नाही. माल वाहणाऱ्या बायकांत ती सगळ्यांत जुनी. ती डोक्यावरची चुंबळ काढून वाळूवर बसली होती.

“ह्यो सांगता ता खरा आसा,” ती शेवटी म्हणाली. “रामजी पडलो तवा मी खाली होतंय. सुंभ सुटताना माका दिसलो. मी हाक मारलंय, ‘रामजी!’ तेणा ऐकल्यान. मान ताठ केल्यान, पण वळाक नाय. दुसऱ्या हाकेची वाट बघित ऱ्हवलो. मी तोंड उघडलंय… तवसर…”

तिनं पदर तोंडात कोंबला. मला तिच्याकडे बघवेना. एका हाकेनं मेलेला माणूस आता बाकीच्यांना एका हाकेनं वाचवायला बघत होता, आणि हे लोक त्याला भीत होते. इतकं वाईट मला कुणा मेलेल्या माणसाबद्दल वाटलेलं नाही.

“मग तो तीनदा का नाही मारत?” मी चिडून विचारलं. रामजीवरच चिडलो होतो मी.

“भुताक तिसरी हाक मारुची परवानगी नाय,” कमळाबाई डोळे पुसत म्हणाली. “तेका कोणीतरी सांगूक व्हया. गाऱ्हाणा घालूक व्हया.”

आता तुम्हाला ठाऊक असेल, कोकणी माणसाचं गाऱ्हाणं म्हणजे देवाशी केलेली सरळ बोलणी. एक जण पुढं होऊन मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाणं बायका घालत नाहीत. पण पुरुषांतल्या एकालाही ते धड येत नव्हतं. एकानं सुरू केलं, तो मध्येच आपल्या भावकीच्या जमिनीवर गेला. शेवटी कमळाबाईच पदर खोचून उभी राहिली. शेटच्या पैशाचा नारळ आयताच होता. मी लांब उभा राहिलो, हाताची घडी घालून.

“बा रामजी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज हय सगळी लेकरा तुझ्या पायाकडे जमली असत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तू एकदाच हाक मारतंस, आमची माणसा भियातत. तेवां आजपासून जेका हाक मारशीत, तेका तीनदा मार, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि घाई कर, म्हाराजा! तिसरी हाक इटेच्या आधी येवक व्हयी!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्यो जो आमचो संयुक्त महाराष्ट्र, तो मुंबयसकट आमका गावांदे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ह्या एका ओळीला मात्र माझ्याही तोंडून निघून गेलं. ते राजकारण होतं, अध्यात्म नव्हतं.

पण एक सांगतो. आधीच्या सगळ्या ओळींना माझं तोंड बंद होतं, म्हणून माझे कान मोकळे होते. खाली सगळे एकदम ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. आणि ते थांबले की वरून, रिकाम्या परांचीवरून, आणखी एक ‘व्हय म्हाराजा’ यायचा. जरा उशिरा. तोंडात गुळणी धरल्यासारखा. महाराष्ट्राच्या ओळीला तर तो आमच्याही वर चढला. मी राजारामकडे बघितलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण तो हसत होता.

त्यानंतर काम असं सुरळीत चाललं की विचारू नका. “धोंडू… धोंडू… धोंडू…” असं भरभर यायचं, धोंडू ‘ओ’ म्हणून बाजूला व्हायचा, आणि मागं बांबू पडायचा. धोंडू वर बघून म्हणायचा, “बरा झाला, म्हाराजा,” आणि कामाला लागायचा. लोक आपल्या वाटणीतला पानाचा विडा परांचीवर ठेवू लागले. कौसल्यानं गावी जायचं रद्द केलं. राजाराम बाळाच्या पाळण्यासाठी फळ्या बघायला लागला.

मी मात्र युनियनतर्फे शेटकडे गेलो. नवा दोर आणा, बांबू बदला, म्हणून सांगितलं. शेट गादीवर बसून हसला. “काय बदलायचं? आता कोणाला काही लागत नाय. तुमचाच रिपोर्ट आहे ना, अपघात बंद?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वरून विटा पडतच होत्या हो, फक्त खाली माणूस नव्हता! पण ते त्याला कसं सांगू? आमच्या इथं भूत बिनपगारी राबतंय म्हणून? ज्या युनियनचा मी कारकून, तिनं मला त्याच दिवशी काढून टाकलं असतं. त्या हलकट माणसाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत.

आणि मग तो दिवस आला. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब दुसऱ्या दिवशी पडायचा होता, म्हणजे ओतायचा होता, त्यांची भाषा तशीच. बल्ल्यांची मोठी मोळी कप्पीवरून वर ओढताना जेवणाची सुट्टी झाली. तर तिथली पद्धत अशी, की मोळी आहे तिथंच अधांतरी ठेवायची, दोर खांबाला गुंडाळायचा आणि जेवायला बसायचं. मी नेमका राजारामला भेटायला आलो होतो. तो अजून वर खिळे ठोकत होता. आम्ही बाकीचे ताडपत्रीखाली होतो.

पुन्हा ती दुपारची शांतता उतरली. ट्रामचा आवाज दूर गेला. बांबू करकरायला लागले. तंबाखूचा वास आला, आणि सगळ्यांनी हातातले घास थांबवले. आता कोणाचं नाव?

“बकुळा…”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

“बकुळा…”

“बकुळा कोण गो?” कमळाबाईनं विचारलं. कोणीच नव्हती.

“बकुळा…”

ही तिसरी हाक घाबरलेली होती. भुताच्या आवाजात भीती मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. पण गणपत मिशी पुसत म्हणाला, “हितं बकुळा कोन बी न्हाय. म्हातारा चुकला आज.” आणि सगळे हसले. मीही हसलो.

वर हातोडीचा आवाज बंद झाला. राजाराम कडेला आला होता. त्यानं खाली बघितलं, आणि मग मीही बघितलं. कप्पीच्या खाली, त्या मोळीच्या सावलीत, कौसल्या उभी होती. इस्पितळात तपासायला जाऊन परतताना नवऱ्यासाठी डबा घेऊन आली होती बिचारी, आणि एवढ्या उन्हात सावली तेवढीच होती.

राजारामनं तोंड उघडलं. आणि काय सांगू तुम्हाला, त्याला तिचं नाव घेता येईना! लग्न झाल्यापासून त्यानं चारचौघांत बायकोला नावानं हाक मारलेली नव्हती. त्या काळी तशी रीतच नव्हती. खांबावरचा दोर फटफट सुटत होता आणि हा वरून गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, “अगो! अगो! अगो!”

त्या हाकेला नाव नव्हतं, त्यामुळे कामावरच्या झाडून सगळ्या बाया उठून धावल्या. कमळाबाई तर थेट फाटकाबाहेर. आणि कौसल्याही सरकली. मोळी खाली आली. जमीन हादरली, धुळीचा लोट उठला, काही दिसेना. मला कोणाचं तरी रडणं ऐकू येत होतं, तो मीच होतो.

धूळ बसली तेव्हा कौसल्या वाळूत बसलेली होती. डबा चेंदामेंदा झाला होता, तिला साधं खरचटलंही नव्हतं. राजाराम वरून कसा उतरला ते त्यालाच ठाऊक. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

“राजाराम,” मी त्याचा खांदा धरला, “बकुळा कोण रे?”

त्यानं वर बघितलं. “काल रात्री… आमी दोघांनीच ठरवला. चेडू झाला तर बकुळा. कोणाक सांगूक नाय. आवशीक सुदिक नाय…”

कोणीही हसलं नाही. कौसल्यानं पोटावर हात ठेवला होता. ती हलकेच म्हणाली, “ह्येंनी बोलवच्या आधीच मी सरकलंय… आतून अशी लाथ मारल्यान, की माका उभा ऱ्हवाकच होयना.”

दुसऱ्या दिवशी कोणी कामावर गेलं नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. आम्ही सगळे शेटच्या दारात जाऊन बसलो, आणि घोषणा द्यायची तर सगळ्यांना सवय होतीच. ‘नवा दोर’ म्हटलं की चाळीचाळीतून ‘आलाच पाहिजे’ उठत होतं. शेवटी आला. नवा दोर, नवे बांबू, सगळं. आणि त्या दिवसापासून हाक बंद झाली. एकदाही आली नाही. म्हणून मी म्हणतो, ते भूत नव्हतं, तो कुजका सुंभ होता. कमळाबाई मात्र इमारत पुरी होईपर्यंत रोज वर बघून म्हणायची, “जा आता, रामजी. दमलंस.”

राजारामला मुलगीच झाली. बकुळा. मी तिला मांडीवर खेळवलं आहे. ती ‘आई’ म्हणायच्या आधी ‘ओ’ म्हणायला शिकली. खेळता खेळता मध्येच मान वर करायची, गोड आवाजात ‘ओ’ म्हणायची, आणि रांगत बाजूला जायची. कोणी हाक मारलेली नसायची. पहिल्यांदा पडलं ते घड्याळ. मग एकदा शिंकाळं. मग लोक तिच्याकडे बघायला लागले, ती सरकली की सगळं घर सरकायचं. मोठी झाल्यावर ते कमी झालं. आता ती दादरला शाळेत शिकवते, हुशार बाई आहे, असल्या गोष्टींना हसते.

गेल्या रविवारी आली होती मला भेटायला. इथंच बसलो होतो आम्ही दोघं, जवळजवळ, चहा घेत. माझ्या पेन्शनच्या कटकटीचं काहीतरी चाललं होतं. बोलता बोलता ती थांबली. मान वर केली. “ओ,” म्हणाली. मग कप घेऊन उठली आणि पलीकडे त्या दाराशी जाऊन बसली. “काय गं?” मी विचारलं. “कुठं काय, काका? तुम्ही बोला ना.” तिला आठवतसुद्धा नव्हतं.

ती गेल्यावर मी काठीनं सगळं छत ठोकून बघितलं. पक्कं आहे. काही पडलं नाही. अजून तरी नाही. आणि हाक तिलाच होती, मला असती तर मी ऐकली नसती का? मी तर पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस.

फक्त हल्ली मला कानांनी फार कमी ऐकू येतं. आत्ता तुम्ही काही म्हणालात का?